विमानाच्या मागच्या रिकाम्या रांगा

विमान वैमानिक उडवतो अशी लोकांची समजूत आहे. मी ती सहसा मोडत नाही; प्रत्येकाला कशावर तरी श्रद्धा ठेवावी लागते. पण ते उडण्याआधी कुणीतरी खाली उन्हात उभं राहून ठरवावं लागतं की आज या विमानात एकूण वजन किती आणि त्यातलं कुठे किती. गोंदियाबाहेरच्या छोट्या विमानतळावर हे काम माझ्याकडे आहे. माझ्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल नाही आणि टेबलावर नावाची पाटी नाही, त्यामुळे नातेवाइकांना बरीच वर्षं वाटत होतं की मी तिथे बॅगा उचलतो. काही जणांना अजून वाटतं.

कुणी खरंच विचारलं तर मी बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, उदाहरण देतो. धानाची पोती, आमच्या भाषेत बोरे, बंडीत मागेच मागे भरले की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या माना ताणल्या जातात. त्याला आमच्याकडे बंडी उलार झाली म्हणतात. सगळे बोरे समोर टाकले की भार बैलांच्या खांद्यावर येतो. विमानाचं अगदी तेच आहे. एकूण वजन जास्त नको हे तर झालंच, पण ते नीट वाटलेलंही हवं. बंडी उलार झाली तर दोघं जण समोर उडी मारून बसतात आणि हसतात. विमान हवेत उलार झालं तर हसायची संधी मिळत नाही. म्हणून ते हिशेब जमिनीवरच करायचे असतात.

हिशेबाची एक गंमत सांगतो. बॅगा आम्ही काट्यावर तोलतो, पण माणसं तोलत नाही. माणसासाठी पुस्तकात एक ठरलेला आकडा आहे: पुरुषाचा एक, बाईचा एक, लेकराचा एक. मंत्री चढला तरी तोच आकडा आणि मंत्र्याच्या मागे फाइल धरून चालणारा चढला तरी तोच. हारतुऱ्यांचं वजन त्यात धरलेलं नसतं. इतकी निखळ लोकशाही मी दुसरीकडे पाहिलेली नाही, आणि ती पाळली जाते याचं एकमेव कारण म्हणजे मंत्र्यांना ती ठाऊक नाही.

आमच्याकडे येतं ते पंख्यांचं, मध्यम आकाराचं विमान. दिवसातून एकदा हैदराबादहून येतं आणि परत जातं. एरवी त्यात तांदळाचे व्यापारी असतात, शिकणारी पोरं असतात, आणि नागझिऱ्याला वाघ बघायला आलेले, हाताएवढ्या भिंगाचे कॅमेरे बाळासारखे कडेवर घेतलेले लोक असतात. या विमानाचं दार मागे, शेपटीजवळ असतं. माणसं मागून चढतात आणि समोर चालत जातात. सामानाच्या दोन खोल्या असतात. एक वैमानिकांच्या पाठीशी, दुसरी शेपटीत. चढ-उतार चालू असताना मागच्या दाराशी गर्दी झाली तर विमान बूड टेकून बसायला नको, म्हणून शेपटीखाली एक टेकू लावतात. तो टेकू पाहून दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी मला हळूच विचारतं, "भैया, ये ऊपर भी लगा रहेगा ना?"

तर अशा या विमानाने माझ्या भाचीच्या लग्नाची वरात निघाली.

भाची माझ्या धाकट्या बहिणीची. आमचं घर गोंदियाचं, मुलगा दवनीवाड्याचा, आणि दोघंही नोकरीला हैदराबादला. सुट्टी दोघांनाही इतकी तुटपुंजी मिळाली की गावी येऊन लग्न करणं शक्य नव्हतं. तेव्हा लग्न तिकडेच करायचं ठरलं. वडीलधारे कुरकुरले, पण वरपक्षाने एक अट घालून होकार दिला: वरात विमानाने जाईल. आजवर त्या गावातून वरात बसने गेली होती, ट्रॅक्टरने गेली होती, एकदा तर धानाच्या ट्रकमधून गेली होती. विमानाने कुणाची गेली नव्हती. कुणाची तरी पहिली जायचीच होती.

लग्न सकाळचं, आणि विमान आदल्या दिवशी दुपारी. लग्नसराईत इतक्या माणसांना रेल्वेत ऐन वेळी जागा मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या दुपारी विमान गेलं नाही तर नवरा-नवरी मांडवात आणि दोन्हीकडचे आईबाप गोंदियात, असा प्रकार झाला असता. मी मुलीचा मामा. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं काम माझं. माझा जोडीदार त्याच आठवड्यात स्वतःच्या घरच्या लग्नाला गेला होता, त्यामुळे त्या दिवसाचा हिशेब मीच करायचा, वैमानिकाची सही घ्यायची, आणि मग शेवटचा प्रवासी म्हणून चढायचं, असं ऑफिसने ठरवून दिलं. मला ते सोयीचं वाटलं. स्वतः तोललेल्या विमानात बसायला फार कमी लोकांना मिळतं.

वरपक्ष आमच्याआधी पोचला. त्यांच्या सगळ्यात पुढे फुफाजी होते. फुफाजी म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान. नवरदेवाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, फार गरीब स्वभावाचे. त्यांचं तोंडसुद्धा फुफाजीच वापरतात असं वाटायचं. फुफाजींनी पांढरा सफारी घातला होता, बूटही पांढरे, आणि दोन्ही हात मोकळे, कारण त्यांची बॅग नेहमी दुसरं कुणीतरी उचलतं. ते समाजाच्या किती समित्यांवर आहेत ते मला कधीच नीट मोजता आलेलं नाही. आपले पूर्वज माळव्यातून घोड्यावर बसून आले हे ते पहिल्याच भेटीत सांगतात. माझेही त्याच सुमारास आले असावेत, पण आमच्या घरात घोड्याची आठवण कुणी ठेवली नाही.

सामान म्हणाल तर विमानापेक्षा ट्रकला शोभेल असं होतं. नव्या चिन्नोर तांदळाचे कट्टे, लाखोळीची डाळ, चारोळी, पाणी भरायचे पितळेचे गुंड, आणि कपड्यांनी ठासलेल्या बॅगा. प्रत्येक डाग काट्यावर ठेवला की फुफाजी काट्याकडे न बघता माझ्याकडे बघायचे. वजन कमी भरलं तर त्यांना अपमान वाटेल अशी मला भीती होती, पण तशी वेळ आली नाही.

बहिणीने मला आधीच बजावलं होतं, "भाऊ, त्यांचं आणि आपलं सामान मिसळू देऊ नको. तिकडं उतरल्यावर कोणाचा गुंड कोणाकडं गेला यावरून महाभारत होईल." सामान चढवणारा आमचा मुकादम आधी राइस मिलमध्ये थप्प्या लावायचा. त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. वरपक्षाचं सामान आधी आलं, ते त्याने शेपटीतल्या मोठ्या खोलीत सुंदर थप्पी लावून ठेवलं. आमचं नंतर आलं, ते समोरच्या लहान खोलीत कोंबलं आणि ती खोली भरली.

आता मागच्या खोलीत इतका भार झाल्यावर माणसं समोर बसवायला हवीत हे ओघानंच आलं. विमान काही पूर्ण भरलेलं नव्हतं. मी मागच्या चार-पाच रांगा रिकाम्या ठेवल्या, वरपक्षाला समोरच्या रांगा दिल्या आणि मुलीकडच्यांना त्यांच्या मागे. हिशेब छान जुळला. शिवाय वरपक्षाला समोरचा मान मिळाला. शास्त्र आणि रीतभात यांचं एकमत इतक्या सहज होताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

माणसं चढली. मी खाली विमानाच्या पंखाच्या सावलीत वजनाचा कागद घेऊन उभा होतो. एवढ्यात विमानातल्या सेवेची मुलगी दारात आली आणि वरूनच म्हणाली, "सर, प्लीज वर या. समोर कोणी बसतच नाहीये."

मी वर गेलो. समोरच्या रांगा मोकळ्या होत्या. मुलीकडचे आपापल्या जागी, मधोमध, मान खाली घालून बसले होते. आणि मागच्या ज्या रांगा मी रिकाम्या ठेवल्या होत्या त्यांत अख्खा वरपक्ष खांद्याला खांदा लावून बसला होता. सगळ्यात शेवटच्या रांगेत, दाराच्या अगदी जवळ, फुफाजी. त्यांचा एक पांढरा बूट वाटेत आला होता.

"या मामाजी," ते म्हणाले. "आमी इथंच बसून राहिलो."

"फुफाजी, तुम्हाला सगळ्यात समोरची रांग दिली आहे. मानाची."

"मानाची?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं, म्हणजे सगळे ऐकताहेत ना याची खात्री केली. "मले एक सांगा. या विमानाले दरवाजा कुठं हाय?"

"मागे."

"मंग उतरते वेळी पयले कोन उतरन?"

"मागे बसलेले."

"आन् समोरचे?"

ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. वजनाच्या पुस्तकात उतरण्याच्या क्रमावर एक ओळसुद्धा नाही.

"म्हंजे पोरीवाले पयले उतरनार, तिकडं हारतुरे घेनार, आन् वरपक्ष मांगून येनार, बाजेवाल्यासारखा. बरोबर ना?" फुफाजींनी रिकाम्या हाताने हवेतच एक हार घालून घेतला. "आन् हे दरवाजाजवळचे चांगले चांगले सीट खाली कोनासाठी ठेवले होते? सांगा ना. तुमच्या सायबासाठी का?"

"कोणासाठीच नाही. ते रिकामेच न्यायचे आहेत."

"रिकामे?" वरपक्षात हशा पिकला. "ट्रकवालाबी कोहमाऱ्याच्या फाट्याहून रिकामा जात नाही. दोन मानसं घेतेच. आन् विमान रिकामे सीट घेऊन जाऊन राहिलं! कोनाले शिकवता मामाजी?"

मी बंडीचा आधार घेतला. फुफाजी शेतकरी माणूस, हे त्यांना कळेल असं वाटलं. "तुमचं सगळं सामान शेपटीतल्या खोलीत आहे. वजन बरंच आहे. त्यात तुम्ही सगळे मागे बसलात तर विमान उलार होईल."

त्यांना ते लगेच कळलं. अडचण तिथेच सुरू झाली. "उलार होते त बोरे समोर टाका. आमी बंडीत तेच करतो."

"समोरची खोली भरली आहे."

"कोनाच्या सामानानं?"

इथे मी काहीही सांगू शकलो असतो. टपाल म्हणू शकलो असतो. पण दिवसभर काट्यावरचे खरे आकडे लिहून जिभेला वाईट सवय लागते. "मुलीकडच्या," मी म्हणालो.

मग फुफाजी उभे राहिले. या विमानात उंच माणसाला नीट उभं राहता येत नाही, त्यामुळे त्यांचा संताप थोडा वाकलेला होता.

"बाप्पा बाप्पा! म्हंजे पोरीवाल्याचे बोरे पायलटच्या मांडीवर, आन् आमचे शेपटीत! मामाजी, आमचे पूर्वज माळव्याहून घोड्यावर आले. कोनी त्यायले घोड्याच्या शेपटीवर बसवलं नाही."

"तेही घोड्याच्या मधोमधच बसले असणार," मी म्हणालो. "तोल जाऊ नये म्हणून."

मुलीकडच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. माझी बहीण उठून माझ्याजवळ आली. तिने माझी बाही धरली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, बसू दे ना त्यांना. काऊन वाद घालतोस? आपण पोरीकडचे आहोत."

"मी बसू दिलं तर विमान जाणार नाही."

"तू सही करून टाक. तुझ्याच हातात आहे ना?"

"माझ्या हातात कागद आहे. विमान नाही."

"ते रुसले तर उद्या मांडवात येऊन बसणार नाहीत. मग माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. तुला ठाऊक आहे ना त्यांचा स्वभाव?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बहिणीच्या डोळ्यांतल्या पाण्याला पुस्तकात ठरलेला आकडा नाही, पण ते फार जड असतं.

मी वैमानिकांच्या खोलीशी गेलो. कॅप्टन शांत माणूस होता. मी नवी मांडणी कागदावर मांडली, तोलाची रेघ कुठे जाते ते त्याला दाखवलं. ती मर्यादेच्या बाहेर जात होती, थोडीथोडकी नाही. त्याने कागद परत दिला. "दादा, जैसा पेपर में है वैसा बिठा दो. नहीं तो पीछे का सामान उतारो. तीसरा रास्ता मेरे पास नहीं है." मग घड्याळाकडे बघत म्हणाला, "और जल्दी. शाम को आपका एअरपोर्ट बंद हो जाएगा." ते मला त्याच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. कुलूप लावणारा माणूस माझ्याच टेबलाशी चहा पितो.

मी परत मागे आलो. वाटेत बहिणीकडे बघायचं टाळलं.

"फुफाजी," मी म्हणालो, "विमान असं उडणार नाही. तुम्ही जागेवर जा, एवढीच विनंती."

"तुमी पोरीचे मामा हा का विमानाचे?"

सगळे हसले. प्रश्न चांगला होता, मला मान्य करावं लागलं. "मांडवात पोरीचा," मी म्हणालो. "इथं विमानाचा."

"मंग आमीबी इथं वरपक्ष हाओ. आमी हलत नाही."

"ठीक आहे. बसा." मी कागदावर पेन टेकवलं. "एक उपाय आहे. तुम्ही इथंच बसा. मागच्या खोलीतलं सामान उतरवून घेतो. उद्याच्या विमानाने येईल."

"उद्या?" फुफाजी म्हणाले. "उद्या त लगन हाय."

"हो. लग्न झाल्यावर पोचेल."

हे ऐकून खिडकीशी बसलेल्या फुफाबाईंनी मान वळवली. फुफाबाई म्हणजे फुफाजींची बायको, नवरदेवाची आत्या. तोपर्यंत त्या मांडीवर एक भला मोठा स्टीलचा डबा घेऊन शांतपणे बाहेरचं बघत होत्या. "कोन्तं सामान?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्याकडचं सगळंच."

"माझा शालू त्याच्यात हाय."

"असेल."

"यायची शेरवानी हाय. साफा हाय." त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे असे जातीन का मांडवात? कंपाऊंडरसारखे?"

"तू थांब वो," फुफाजी म्हणाले. "मानाची गोष्ट चालू हाय."

"मान घेऊन का करसान? पयले उतरसान, आन् तिकडं पट्ट्यापाशी सामानाची वाट पाहत ठोंब्यासारखे उभे राहसान. मंग पोरीवाले येतीन, तेबी तिथंच उभे राहतीन. सामान आल्याबिगर कोनी जाते का? सगळे एकाच जागी." त्या डबा घेऊन उठल्या. "घरच्या गाडीत त डायवरच्या बाजूले बसाले भांडता. इथं डायवर समोर हाय आन् तुमी मांगं काऊन बसून राहिले? सरका. मी समोर जाऊन राहिली. चिवडा माझ्यापाशी हाय."

हे शेवटचं वाक्य त्यांनी धमकी म्हणून उच्चारलं नव्हतं, नुसती माहिती दिली होती. पण वरपक्ष पहाटेपासून तयार होत होता आणि कुणाच्या पोटात धड काही नव्हतं. फुफाबाई चालू लागल्या तशा त्यांच्या मागच्या दोन बाया उठल्या. मग लेकरं. मग लेकरांना सांभाळायला म्हणून त्यांचे बाप. एरवी कुठलीही जबाबदारी न घेणारे दोन भाचे वयस्कर काकांना हात द्यायला उठले आणि काका मागेच राहिले. मग काकाही गेले. व्याह्यांनी फुफाजींकडे एकदा पाहिलं, काहीतरी पुटपुटले, आणि तेही गेले. समोर डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला.

मी रांगा पुन्हा मोजल्या. सगळे आपापल्या जागी होते, फक्त फुफाजी शेवटच्या रांगेत. मी तेवढा बदल कागदावर करून पाहिला. एक माणूस मागे बसला तर चालत होतं. दोन बसले तर रेघ बाहेर जात होती. इतक्या काटेकोर मर्यादेचा मला त्याआधी कधी एवढा आनंद झाला नव्हता.

"झालं," मी म्हणालो. "फुफाजी, तुम्ही इथं बसू शकता. तुम्ही एकटे."

"एकटा?"

"मागे एकाच माणसाची परवानगी आहे."

त्यांना ते आवडलं. "एकाचीच?" ते मोठ्याने म्हणाले, समोर ऐकू जाईल असं. मग त्यांनी पाय पसरले, दोन्ही बाजूंना बघितलं, आणि पोशाखावरची सुरकुती सरळ केली. त्यांच्या चारी बाजूंना रिकाम्या खुर्च्या होत्या. मान देणारी सगळी माणसं बऱ्याच रांगा समोर चिवडा खात होती.

मी कॅप्टनकडे जायला निघालो तोच मागून आवाज आला. "साळेबुवा! अहो साळेबुवा! या ना मांगं. एकटं बरं नाही वाटत."

व्याही आज्ञाधारकपणे उठले. त्यांच्या मुठीत चिवडा होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. "तुम्ही बसा. मागे एकालाच परवानगी आहे."

"मामाजी, मंग तुमीच या."

"मी गेलो तरी दोघं होतात, फुफाजी."

समोर कुणीतरी लग्नाचं गाणं म्हणायला सुरुवात केली होती. दोन्हीकडच्या बाया एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या ओळी घालू लागल्या. मुलीकडच्या बाजूने फुफाजींच्या पांढऱ्या बुटांवर एक ओळ आली आणि वरपक्षच जास्त हसला. फुफाजींनी मान उंच करून ऐकायचा प्रयत्न केला. पंख्यांचा आवाज अजून सुरू झाला नव्हता, पण मागे शब्द नीट पोचत नसावेत. आपल्यावरची गाणी आपल्यालाच ऐकू येऊ नयेत याहून मोठी शिक्षा त्यांच्यासारख्या माणसाला देता आली नसती, आणि ती मी दिलेली नव्हती.

थोड्या वेळाने ते उठले. वाकून, खुर्च्यांना धरत धरत, समोर आले. माझ्याजवळ थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पायलट नवीन पोरगा दिसते मले. कोनीतरी वडीलधारा मानूस जवळ पायजे त्याच्या."

"मलाही तेच वाटत होतं," मी म्हणालो.

ते पहिल्या रांगेत बसले. फुफाबाईंनी त्यांच्याकडे न बघता डबा पुढे केला.

मी कागद पुन्हा दुरुस्त केला. कॅप्टनने त्यावर नजर फिरवली, सही केली आणि एक प्रत मला दिली. शेपटीखालचा टेकू काढला, दार लागलं. मी बहिणीशेजारी जाऊन बसलो. ती माझ्याशी बोलत नव्हती. विमान धावपट्टीवर धावायला लागलं तेव्हा तिने डोळे मिटून माझा हात घट्ट धरला, पण तो रागाला अपवाद होता. विमान वर स्थिर झाल्यावर तिने तो सोडून दिला. खाली कापून झालेली शेतं, तलाव आणि मग जंगल दिसू लागलं. "तू त्यांना सगळ्यांसमोर बोललास," ती शेवटी म्हणाली. "उद्या ते काय करतात बघ."

मलाही तीच काळजी होती. विमान तर वेळेत निघालं होतं, पण लग्नात रुसायला विमानच लागतं असं नाही. वाट्टेल त्या कारणावरून रुसता येतं, आणि फुफाजी त्यातले जाणकार होते. रात्री जेवताना ते फार बोलले नाहीत. माझ्याकडे दोनदा पाहिलं. बहिणीला नीट झोप लागली नाही, हे सकाळी तिच्या तोंडावरच दिसत होतं.

मुहूर्ताआधी मी भाचीला घेऊन मांडवात निघालो. दारातच थांबलो, कारण आत वरपक्षाच्या रांगेपाशी मोठा घोळका जमला होता आणि मधे शेरवानी घातलेले फुफाजी हात हलवत उभे होते. साफा झक्क बांधला होता. बहीण माझ्या मागे होती. तिने पुन्हा माझी बाही धरली.

"मी त चढताबरोबर ओळखलं," ते हैदराबादच्या पाहुण्यांना सांगत होते. "विमान मांगून उलार हाय. पायलटले काई समजून नाही राहिलं. पोरीचे मामा तिथले मोठे साहेब, तेबी कागद पाहत उभे. मंग मी सगळ्यायले उठवलं. म्हटलं, चला समोर. एकेकाले समोर बसवलं. तरी थोडंसं कमी पडून राहिलं. मंग शेवटी मी सोता जाऊन समोर बसलो, तवा कुठं बॅलन्स झालं." त्यांना मी दारात दिसलो. "इचारा ना मामाजीले! काऊन मामाजी, खरं हाय का नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाचीने मुंडावळ्यांआडून पाहिलं. फुफाबाईंनी शालूचा पदर तोंडाशी धरला आणि दुसरीकडे बघितलं. मी प्रश्नाचा थोडा विचार केला. त्यांची जागा, त्यांचं पुस्तकी वजन, रेघेची शेवटची जागा. कागदावरच्या हिशेबात, कुणी कुणाला उठवलं हा किरकोळ मुद्दा सोडला, तर शेवटची मांडणी त्यांनी सांगितली तशीच होती.

"खरं आहे," मी म्हणालो. "ते समोर आले म्हणून विमान निघालं."

फुफाजींनी पुढे होऊन घोळका बाजूला सारला, "सरका, सरका, मामा पोरीले घेऊन येऊन राहिले," असं म्हणत आम्हाला वाट करून दिली, आणि बहीण माझ्या मागे नाक पुसत हसायला लागली.